लोदहून पत्र: मलिद्याच्या चित्रीकरणाबद्दल

लोद, इस्राएल

ती. काकांस व काकूंस,

शालोम. आमच्या धार्मिक शाळेत सातवीच्या मुलांचा 'शोराशिम' म्हणजे घराण्याच्या मुळांचा प्रकल्प चालू आहे. चार मुलांचा एक गट, एक आयपॅड, तीन मिनिटांची फिल्म. बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मुलांच्या गटाला अलिबागचा मलिदा, म्हणजे आपलं नवसाचं-आभाराचं ताट, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा टापा, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा मानतात तो खडक, हवा आहे. ते चित्रीकरण तुम्हीच करून पाठवा.

मोबाइल आडवा धरा. सेटिंग १०८० पी, ३० फ्रेम. त्यात मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा जाते. फोर-के नको. त्याने फाइल दुप्पट-तिप्पट होते आणि शाळेचे टॅब भरून जातात. टाप्यावर सकाळी लवकर किंवा चारनंतर जा. दुपारचं ऊन डोक्यावर असलं की दगडावरच्या खुणा सपाट दिसतात, तिरप्या उन्हात सावली पडून उठून दिसतात. चित्र काढण्याआधी पडद्यावर त्या खुणेवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच अडकून राहतो.

खरी पंचाईत आवाजाची होते. चित्र थोडं हललं तरी चालतं, पण आजीचं बोलणं पंख्यात बुडालं तर मुलांना तळटिपा लिहिता येत नाहीत. पंखा बंद, खिडकी लावलेली, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर. आजी मराठीतच बोलू द्या, वाक्यावाक्याला जरा थांबून. आयमूव्ही या आयपॅडवरच्या संपादनाच्या ॲपात एका तुकड्यावर एकच मजकूर बसतो, म्हणून मुलं प्रत्येक वाक्याशी तुकडा कापतात आणि खाली हिब्रू भाषांतर घालतात. वाक्यं एकात एक घुसली की कापायला जागाच उरत नाही.

मलिद्याच्या ताटाचं जवळून घ्या: भिजवलेले पोहे, खवलेलं खोबरं, साखर, वेलची, वर मांडलेली फळं. मात्र ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणताना रीटेक नाही. आशीर्वचन उगाच पुन्हा म्हणणं म्हणजे देवाचं नाव व्यर्थ घेणं. म्हणून तालमीत देवाच्या खऱ्या नावांऐवजी 'हाशेम' आणि 'एलोकेनु' म्हणा, खरी ब्राखा एकदाच, खाण्याआधी. त्या वेळी दोन मोबाइल लावा, एक समोर, एक बाजूने, म्हणजे एकाने दगा दिला तरी दुसरा हाताशी राहतो. इथे मुलंसुद्धा हेच करतात, आणि मला तर ही शिस्त फार मोलाची वाटते: कॅमेऱ्यासाठी प्रार्थना नाही, प्रार्थनेसाठी कॅमेरा.

शब्बाथचं, शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत मोबाइल बंद, हे तुम्हाला सांगायला नको. मेणबत्त्या लावायचं दृश्य हवं असेल तर गुरुवारी, ब्राखेशिवाय, नुसतं मांडून घ्या. शुक्रवारी दुपारनंतर पाठवलेलं आम्ही रविवारी शाळेत उघडू.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ टाकू नका, तो दाबला जाऊन धूसर होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलला नाव द्या, 'टापा १', 'मलिदा २' असं. संपादन सुरू झालं की प्रोजेक्ट त्याच टॅबमध्ये राहतो, गटाने दुसरा टॅब उचलला तर तिथे काहीच सापडत नाही. त्यामुळे तुमच्याकडची मूळ फाइल आम्ही कळवेपर्यंत पुसू नका.

आजीला विचारून, तिला चालेल तरच तिचा चेहरा घ्या. नको म्हणाली तर हात आणि ताट पुरे.

तुमची पुतणी