पाणी बंद केले, हवेचे काय?

मा. संपादक,
स. न.

भूजलात सॉल्व्हंट (तेल-ग्रीस धुण्याचे रासायनिक द्रावक) सापडले की बोअरचे पाणी पिऊ नका, असे फर्मान निघते आणि प्रकरण मिटते. पण ट्रायक्लोरोएथिलीन हे असेच एक सॉल्व्हंट पाण्यातून उडते, मातीतल्या पोकळ्यांतून वर येते आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरते. पिण्याचे पाणी टँकरचे असले तरी श्वास त्याच खोलीत घ्यावा लागतो.

साधा हिशेब पाहा. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. २५ अंश सेल्सिअसला हेन्रीचा स्थिरांक, म्हणजे पाण्यातल्या प्रमाणाच्या किती पट ते लगतच्या हवेत असते तो आकडा, सुमारे ०.४ धरला, तर भूजलालगतच्या मातीतल्या हवेत लिटरला २, म्हणजे घनमीटरला २,००० मायक्रोग्रॅम होतात. घरात येईपर्यंत ती हजारपट विरळ होते असे प्राथमिक चाळणीत धरतात, उरतात २. तिथल्या पर्यावरण संस्थेची घरातल्या हवेसाठीची पातळीही जवळपास तेवढीच आहे! म्हणजे पिण्यास चालणारे पाणीही हवेच्या बाबतीत काठावर येते.

तपासणीतली मोठी चूक म्हणजे घरातल्या हवेचा एकच नमुना घेऊन निर्वाळा देणे. रंग, गोंद, ड्रायक्लीन केलेले कपडे यांतूनही वाफा येतात. अशा वस्तू एक-दोन दिवस आधी बाहेर काढाव्यात. मग घरातला, बाहेरचा आणि फरशीखालचा असे तिन्ही नमुने एकाच वेळी घ्यावेत. राहत्या घरातल्या हवेचा २४ तासांचा. फरशीखाली जास्त आणि घरात कमी आढळले, तर वाट खालूनच आहे. उलटे असेल तर आधी कपाटे तपासावीत.

फरशीखालच्या हवेच्या नमुन्यासाठी फरशीला भोक पाडून नळी बसवताना सांधा नीट बुजला नाही, तर खोलीतलीच हवा ओढली जाते आणि आकडा फसवा, कमी येतो. म्हणून नळीच्या सांध्यावर उपडे झाकण ठेवून त्यात हीलियम वायू सोडावा. नमुन्यात तो लक्षणीय आढळला तर नमुना टाकून द्यावा. मिनिटाला २०० मिलिलिटरपेक्षा जास्त वेगाने हवा ओढू नये. भूजलाचा नमुनाही पाण्याच्या वरच्या थरातूनच हवा. खोल बोअरचे मिसळलेले पाणी तो थर लपवते.

पेट्रोलच्या वाफांना हाच हिशेब लावू नये. मातीत ऑक्सिजन असेल तर जिवाणू त्या वाटेतच संपवतात. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटचे तसे होत नाही.

आणि एका ऋतूतला चांगला अहवाल पाहून फाइल बंद करू नये. दारे-खिडक्या बंद असताना आणि आतली हवा बाहेरपेक्षा उबदार असताना घर मातीतली हवा वर ओढते. निदान तेव्हाचा एक नमुना अहवालात असलाच पाहिजे.

आपले,
भूजल व मृदा तपासणी करणारे काही अभियंते