पिजॉटचं देणं

सांगली

प्रिय ओंक्या,

स्पॉयलर चालतील असं तूच लिहून दिलंयस. आता मध्येच 'थांब, बघतो मी' म्हणायचं नाही. तसंही तू बघणार नाहीस. दर दिवाळीला 'या सुट्टीत नक्की' म्हणतोस आणि सुट्टी संपते. तुझा प्रश्न एका ओळीचा होता: पोकेमॉन कार्टूनमधल्या ॲशची गोष्ट संपवली म्हणे, पण त्यासाठी मोठमोठी माणसं एवढी रडली कशाला? याचं उत्तर काही व्हॉट्सॲपवर मावणार नाही. म्हणून हा लांबलचक मेल. चहा घेऊन बस.

आधी घडलं काय ते सांगते. 11 नोव्हेंबर 2022 ला जपानमध्ये जो भाग लागला, त्यात ॲशनं तेव्हाच्या विश्वविजेत्या लिऑनला हरवलं आणि तो विश्वविजेता झाला. आपला ॲश! कांटो प्रदेशाच्या लीगमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या स्पर्धेत, ऐन सामन्यात ज्याच्या चारिझार्ड नावाच्या पोकेमॉननं लढायला नकार देऊन आडवा पडून घेतलं होतं, तो. 2016 मध्ये कालोस प्रदेशाच्या लीगच्या अंतिम सामन्यात ॲलनकडून हरला तेव्हा तर जगभरच्या फॅन्सनी लेखकांना शिव्यांची लाखोली वाहिली होती. 2019 ला अलोलात पहिल्यांदा लीग जिंकला, आणि मग हे. टोकियोत शिबुयाच्या चौकातल्या मोठ्या पडद्यांवर त्या विजयाची बातमी झळकली.

सगळ्यांना वाटलं, झालं, आता नवा प्रदेश, नवी टोपी आणि गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण 16 डिसेंबरला जाहीर झालं की ॲश आणि त्याचा लाडका पोकेमॉन पिकाचू यांची गोष्ट आता थांबतेय. एप्रिलपासून लिको आणि रॉय नावाची नवी पोरं येणार. मध्ये निरोपाचे म्हणून अकरा भाग, 13 जानेवारी ते 24 मार्च 2023. (16 डिसेंबर ही तारीखही काय निघाली बघ. 1997 मध्ये याच तारखेला पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनचा तो भाग लागला होता, ज्यातले लाल-निळे झगमगाट बघून शेकडो मुलं दवाखान्यात गेली आणि मालिका चार महिने बंद पडली. त्याला बरोबर पंचवीस वर्षं झाली होती. मुद्दाम कुणी निवडली नसणार, पण मला ती लगेच टोचली.)

निरोपाचे भाग म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर काय येईल ते मला माहीत आहे. सगळे जुने दोस्त एका मैदानात, सगळे पोकेमॉन रांगेत, आतषबाजी, भाषणं. तसलं काहीही नाही रे. ॲश पिकाचूला घेऊन चालत असतो. वाटेत जुने सोबती, मिस्टी भेटते, ब्रॉक भेटतो, मध्ये सिलान डोकावून जातो. लॅटिआस ही दुर्मीळ पोकेमॉन अधूनमधून दिसते. पिकाचू पळवायला कायम टपलेल्या टीम रॉकेटची फाटाफूट होते, हा भाग मात्र माझ्या फार आवडीचा. बाकी बरंचसं चालणं, खाणं आणि कुणाच्या तरी बारीकसारीक अडचणीत नाक खुपसणं.

इथंच फॅन्सचे दोन तट पडले. एक तट म्हणाला, हे काय, निरोपाच्या नावाखाली फिलर, म्हणजे नुसते वेळ काढायचे भाग, गळ्यात मारले. विश्वविजेता झालेला पोरगा असा रानावनात काय भटकतोय? दुसरा तट म्हणाला, अरे, पहिली मालिका अशीच तर होती! माझं मत दुसऱ्या तटाला. आठवून बघ, कांटोतले आठ बॅज तुला ओळीनं सांगता येतील? मला नाही येत. पण ॲश बटरफ्री या फुलपाखरासारख्या पोकेमॉनला सोडून देतो तो भाग, आणि तो लागला तेव्हा तुझ्या आजीनं 'पाखरासाठी काय रडायचं' म्हणून दोघांना केलेली दटावणी, दोन्ही लख्ख आठवतं.

आता पिजॉट, म्हणजे ॲशचा पक्षी पोकेमॉन. तुला आठवत नसेल तर जरा विस्तारानं सांगते, कारण रडारडीची खरी मेख इथं आहे. अगदी पहिल्या भागात ॲशला उठायला उशीर होतो, सगळे पोकेमॉन वाटून झालेले असतात, म्हणून प्राध्यापक ओक त्याला पिकाचू देतात. तो काही केल्या ऐकत नाही. हातात रबरी मोजे घालून ॲश त्याला दोरीनं ओढत नेतो. मग दगड मारायला जातो एकाला आणि लागतो स्पिअरो या पक्षी पोकेमॉनला. त्याचा अख्खा थवा मागे लागतो. मिस्टीची सायकल पळवतो. पावसात पिकाचू सगळ्या थव्याला झटका देतो आणि सायकलीचा कोळसा होतो. तोच स्पिअरो पुढं फिअरो होऊन परत येतो (पोकेमॉन असे वाढत जाऊन नवं रूप आणि नवं नाव घेतात), ॲश ऑरेंज बेटांना जायच्या आधी. पिजी नावाच्या छोट्या पक्षी पोकेमॉनना छळत असतो. ॲशचा पिजॉटो त्याला भिडतो आणि लढता लढता पिजॉट होतो. पण थव्याची राखण कोण करणार? म्हणून ॲश त्याला तिथंच ठेवतो आणि सांगतो, काम झालं की परत येईन तुला न्यायला.

हे 1999 मध्ये. आणि साहेब गेले ते गेलेच. जोहतो झालं, होएन झालं, सिनो, उनोव्हा, कालोस, अलोला. अधूनमधून घरी यायचा, आईच्या हातचं खाऊन पुन्हा निघायचा. ते रान घरापासून काय फार लांब नव्हतं! फॅन लोकांनी ही गोष्ट मनात धरून ठेवली. गावाकडं भाऊबंदकीत एखादं जुनं देणं कसं तीन पिढ्या निघत राहतं, तशी ती निघत राहायची. पिजॉट अजून वाट बघतोय, यावर विनोद झाले, चित्रं झाली, खरोखरचा संतापही झाला.

शेवटच्या, अकराव्या भागात पिजॉट येतो. चोवीस वर्षांनी. माझं म्हणशील तर मी रडले, आणि चांगली रडले. ॲशसाठी नाही. मालिका लिहिणाऱ्या कुणीतरी ते ध्यानात ठेवलं होतं, किंवा लोकांनी ते त्यांना विसरू दिलं नाही, याचं मला काहीतरी झालं. लहान मुलांच्या कार्यक्रमात दिलेलं वचन कोण पाळतं रे? चॅनल बदललं, लेखक बदलले, बघणारी पोरं बाप झाली. कुणी विचारलं नसतं तरी चाललं असतं.

पण तुला खरं सांगायचंय ते पुढंच आहे. त्या अकरा भागांत रडण्याच्या जागा मुद्दाम करून ठेवल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या आपल्यासाठी नव्हत्याच. ओपनिंगला 1997 चं 'मेझासे पोकेमॉन मास्टर' नव्यानं गायलेलं लागतं. मूळ गाणं रिका मात्सुमोतोचं, म्हणजे पंचवीस वर्षं ज्या बाईनं जपानीत ॲशचा आवाज दिला तिचंच. जपानी प्रेक्षकाला दोन ओळींतच शाळेचं दप्तर आणि संध्याकाळचं जेवण आठवत असणार. मी कोरड्या डोळ्यांनी सबटायटल वाचत बसले होते. आपण ते गाणं लहानपणी कधी ऐकलंच कुठं? जपानी मालिका आधी अमेरिकेत गेली. तिथं गाणी बदलली, पार्श्वसंगीत बदललं, ओनिगिरीला, म्हणजे भाताच्या मुटक्यांना, जेली भरलेले डोनट करून टाकलं. मग त्या इंग्रजीवरून हिंदी झालं आणि 2003 ला कार्टून नेटवर्कवर लागलं. तेही आपल्याला सलग कुठं बघायला मिळालं? तुमच्या गल्लीची लाइट एका वेळी जायची, आमच्या गल्लीची दुसऱ्या वेळी. अर्धी लढत आमच्याकडे बघून उरलेली बघायला तुमच्याकडे चपला हातात घेऊन पळायचो. लोडशेडिंगमुळं कितीतरी सामन्यांचा निकाल मला मोठेपणी कळला.

त्यामुळं जपान्यांचा ॲश वेगळा, अमेरिकनांचा वेगळा, आपला वेगळा. अमेरिकेतली गंमत ऐक. पहिले आठ सीझन व्हेरॉनिका टेलरचा आवाज होता. 2006 ला कंपनीनं कलाकार बदलले आणि सारा नॅटोचेनी आली. तेव्हा लोकांनी तिला नको नको ते सुनावलं, हा आमचा ॲशच नव्हे म्हणाले. निरोपाच्या वेळी बघते तर त्याच सारासाठी लोकांचे गळे दाटलेले. सतरा वर्षांत तिचा आवाज हाच एका अख्ख्या पिढीचा ॲश होऊन बसला होता. आणि आपल्या हिंदी ॲशच्या मागं कोण होतं, हे आपल्याला तेव्हा कळलंच नाही, श्रेयनामावली धड दिसेल तर शपथ. ज्या आवाजानं आपल्याला शाळेतून घरी पळत आणलं, त्याला निरोप देणारा एकही संदेश मला कुठं वाचायला मिळाला नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

एक आवाज मात्र सगळ्यांचा एकच. पिकाचूचा. इकुए ओतानी या बाईंनी 1997 पासून तो दिलाय आणि जवळजवळ सगळ्या भाषांत तोच ठेवला गेला. गाणी बदलली, नावं बदलली, भाताचा डोनट झाला. 'पिका पिका' तेवढं जसंच्या तसं सांगलीपर्यंत आलं. शेवटच्या भागात जपानीतला ॲश माझ्या कानाला परकाच वाटत होता, पण पिकाचू ओरडला आणि मी सरळ तुमच्या हॉलमध्ये. अमेरिकन काय, ब्राझिलियन काय, सगळ्यांची तीच गत झाली असणार. तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच समज.

आता तक्रारींचंही थोडं. ॲशच्या मधल्या मालिकांतल्या सोबतिणी, सेरेना का नाही, मे कुठाय, डॉन कुठाय, हा ओरडा सगळ्यात मोठा. मला तो पटत नाही. सगळ्यांना बोलावलं असतं तर लग्नातल्या ग्रुप फोटोसारखं झालं असतं, कुणाशीच धड बोलणं नाही. 2017 च्या विसाव्या सिनेमाची तक्रार मात्र रास्त होती. पहिल्या भागाची गोष्ट पुन्हा सांगायची आणि तीतून मिस्टी-ब्रॉकलाच गाळायचं, त्यांच्या जागी दोन नवीच माणसं! त्यापेक्षा त्याच वर्षी अलोलाच्या मालिकेत ॲश कांटोला जातो आणि दोघं भेटतात, ते दोन साधे भाग लोकांनी डोक्यावर घेतले.

दुसरी तक्रार, पहिल्या भागापासून ज्याचं स्वप्न बघत होता तो पोकेमॉन मास्टर ॲश शेवटी झाला की नाही ते सांगितलंच नाही. विश्वविजेता झालास, आता मास्टरच्या किती जवळ आलास, हा प्रश्न त्याच्यापुढं येतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जगातल्या सगळ्या पोकेमॉनशी दोस्ती करायचीय. म्हणजे संपणारच नाही ते. आणि तो पुन्हा पिकाचूबरोबर चालू लागतो. बरेच जण चिडले. पंचवीस वर्षं थांबलो, कपाळाला काही बिरुद तरी लावायचं! आपण तिशी ओलांडली, गडी अजून दहाच वर्षांचा. काही जणांना तर तो मोठा झालेला, मिशी फुटलेला बघायचा होता. पहिल्या काही वर्षांचे मुख्य लेखक ताकेशी शुदो (2010 ला गेले बिचारे) यांच्या मनात तसा शेवट होताही: म्हातारा ॲश आपल्या पोरपणातल्या त्या कल्पनेच्या प्रवासाकडं वळून बघतो. वाचायला सुंदर, पण टीव्हीवर दाखवलं असतं तर माझी भाची महिनाभर माझ्याशी बोलली नसती. तिला दहा वर्षांचाच पाहिजे होता. मलाही तसाच बरा वाटला.

मला खटकलं ते वेगळंच. एवढं पिजॉटचं देणं फेडलं, मग जीएस बॉलचं, म्हणजे पोकेमॉन ठेवायच्या त्या गूढ बॉलचं काय? तो सोनेरी-रुपेरी बॉल आणायला म्हणून ॲशला ऑरेंज बेटांवर धाडलं, तो आणून असे बॉल बनवणाऱ्या कर्टकडे दिला, आणि कर्टनं जणू फडताळात टाकला. त्यात काय होतं ते मालिकेत कुणी उघडून दाखवलंच नाही. अकरा भागांत पाच मिनिटं काढता आली असती. तू म्हणशील, त्यात सेलेबी नावाचा पोकेमॉन होता, तो सिनेमात आला, विषय मिटला. माझ्या लेखी मिटलेला नाही. याच्यावर भांडायची तयारी असेल तर फोन कर, शनिवारी मी मोकळी असते.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? आई सारखी विचारते. आणि येताना तुझ्याकडचे चिप्सच्या पाकिटातले टाझो टाकून दिले असशील तर तसं आधीच सांग, म्हणजे मी भाचीला उगाच आशा लावणार नाही.

तुझी,
केतकी

ता.क. अकराच्या अकरा जमत नसतील तर शेवटचा एक तरी बघ. पण त्याआधी फिअरोचा तो जुना भाग बघ, नाहीतर तुला काही म्हणजे काही वाटणार नाही. आणि तो हिंदीत कुठं मिळाला तर आधी मला पाठव.