जुन्या आल्टोचं ॲव्हरेज

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

आल्टो लिटरला 13 किलोमीटरच्या वर जात नाही म्हणतोस, आणि पेट्रोलच्या पाइपला लावायचं मॅग्नेट घेऊ का विचारतोस. घेऊ नकोस. चुंबकाने पेट्रोल काही वेगळं जळत नाही. पाण्यापासून हायड्रोजन काढणारं किट तर त्याहून उलटं: त्याला लागणारी वीज अल्टरनेटरची, म्हणजे गाडीतल्या वीज बनवणाऱ्या यंत्राची, आणि अल्टरनेटर फिरतो पेट्रोलवरच. त्या 796 सीसीच्या इंजिनाला नवीन काही जोडायचं नाही. जे झिजलंय, अडकलंय किंवा कुणी काढून टाकलंय, ते जागेवर आणायचं.

आधी 13 खरे आहेत का ते बघ. पाचशेचं पेट्रोल टाकून काट्यावरून केलेला हिशोब कामाचा नाही. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की बास, आणि मीटरचा फोटो काढायचा. पुढच्या वेळी त्याच पंपावर तसंच. चाललेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, असं तीन टाक्यांचं काढ. टायरचा साइजही वाच. मूळच्या 145/80 आर 12 ऐवजी आधीच्या मालकाने 155/80 बसवले असतील तर चाकाचा घेर 3 टक्क्यांनी मोठा होतो, मीटर तेवढं कमी दाखवतं आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं.

माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर आहे, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेवर. गाडी एकदा तापली की बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात, "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन उशिरा तापतं, आणि थंडीत हायवेवर तर पुरतं तापतच नाही. ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं इंजिन अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. सकाळी थंड इंजिन चालू कर आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला हात लावून बघ. पंखा नि बेल्टपासून बोटं लांब ठेव. होज काही मिनिटं गारच राहून मग झटकन तापायला हवा. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकलाय. नवा बसवताना गॅस्केट आणि कूलंटही नवं घे, आणि सिस्टिममधली हवा नीट काढायला लाव. ती राहिली की गाडी खरोखरच तापते आणि मेकॅनिक "बघा, सांगितलं होतं" म्हणायला मोकळा. मुळात ती का तापत होती तेही शोधायला लाव. बहुधा रेडिएटर चोंदलेला किंवा पंखा बंद असतो. थर्मोस्टॅट ठीक निघाला तर कूलंटचा टेंपरेचर सेन्सर तपासून घे. तो चुकीचं गार दाखवू लागला की पेट्रोल असंच जातं.

मग ब्रेक. पाच-सहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न दाबता चालव, थांब आणि चारही रिमजवळ हात ने, टेकवू नकोस. एखादं चाक जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. पुढे सहसा कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सुकलेल्या असतात. त्या काढून, पुसून, ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. मागे हँडब्रेकची केबल फार ताणलेली असते.

हवा टायर थंड असताना भर, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. दोन पीएसआय जास्त चालेल, 40 नको, पावसात पकड जाते. प्लग तीनच आहेत, बदलून टाक. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबराच्या शेवटी 11 असेल तर ठिणगीचा गॅप 1.1 मिलिमीटरचा, जुन्या प्लगचा झिजून वाढतो आणि मिसफायर होतं. एअर फिल्टर घाण असेल तर बदल, पण त्यातून ॲव्हरेजची फार आशा धरू नकोस. कार्ब्युरेटरच्या गाडीत फरक पडायचा. इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम हवेप्रमाणे पेट्रोल जुळवून घेतो, कमी होतो तो पिकअप. वरचं कॅरिअर मात्र उतरव.

खंबाटकी घाट उतरताना न्यूट्रल करायची सवय सोड. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतात. न्यूट्रलला इंजिन आयडलिंगचं पेट्रोल पीत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

एवढं करूनही थोडी तूट राहील. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून पंपावरच्या ई20 मध्ये (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये) ई10 पेक्षा, म्हणजे 10 टक्केवाल्यापेक्षा, साडेतीन टक्के कमी. त्यावर गाडीत काही उपाय नाही. पण तुझ्या आल्टोचे रबरी पाइप त्या काळचे, ई20 साठी केलेले नाहीत. बॉनेट उघडून पेट्रोलचा वास घे, पाइप वाकवून भेगा आहेत का बघ. ओलसर किंवा चिकट लागला तर वरचं सगळं राहू दे, आधी ई20 ला चालणारा पाइप आणि नवे क्लॅम्प टाक.

तुझी,
आई