फाशांच्या डावात खरी तलवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले, आणि आपल्या भूमिका-खेळातल्या (खेळाडू एकेका पात्राचे बोलतात, सूत्रधार गोष्ट चालवतो आणि निकाल फासे देतात) लढाईसाठी तू केलेले जखमांचे बारा पानांचे कोष्टकही मिळाले. डाव्या कोपरावरच्या वाराला आणि उजव्या कोपरावरच्या वाराला तू वेगवेगळे आकडे दिले आहेस, हे पाहून मला हसू आले आणि लगेच माझी स्वतःची फजितीही आठवली. असेच एक कोष्टक घेऊन मीही एकदा डाव मांडला होता. चार खेळाडू आणि सहा दरोडेखोर यांच्यातली साधी चकमक निकाली निघायला तीन तास लागले, कारण एकेका वारामागे पाच-पाच वेळा फासे टाकावे लागत होते. दुसरा तास संपता संपता एका खेळाडूने माझ्या कोष्टकाच्या कोऱ्या बाजूवर घोड्याचे चित्र काढायला घेतले. चित्र चांगले जमले होते; ते मी अजून ठेवले आहे.

नव्या मोहिमेतली लढाई खरी वाटावी, ही तुझी इच्छा मला पूर्ण मान्य आहे. मात्र ती खरी वाटायला आकडे वाढवावे लागतात, हे मला आता पटत नाही. पात्र किती मार सोसेल ते मोजणाऱ्या ज्या हिट पॉइंटना आपण इतकी नावे ठेवतो, ते आले कुठून ते पाहा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिका-खेळ १९७४ साली आला तो युद्धखेळांच्या परंपरेतून, आणि चिलखताचा दर्जा (वार लागणे किती अवघड ते सांगणारा आकडा) व हिट पॉइंट या दोन्ही कल्पना आपण लोखंडी कवचाच्या युद्धनौकांच्या खेळावरून घेतल्याचे आर्नेसनने स्वतःच सांगितले आहे. हे कळल्यापासून मला सगळा घोळ उमगला. दहा गोळे खाऊनही जहाज तरंगते, तोफा डागते आणि अकराव्या गोळ्याला बुडते. आपले नायकही नेमके तसेच लढतात. अवयवांनुसार जखमा मोजण्याचा उपायही जुनाच आहे. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळात तो आहे, आणि तो मांडणाऱ्यांपैकी स्टीव्ह पेरिन हा चिलखत घालून सरावाची लढाई खेळणाऱ्यांपैकीच होता. तेव्हा तुझ्या बारा पानांना चांगले पूर्वज आहेत. तरीही त्यातली अकरा पाने तू बाजूला ठेवावीस, असे मी सुचवणार आहे.

आधी जखमेबद्दल लिहितो, कारण इतिहास इथे कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक देतो. २१ जुलै १४०३ रोजी श्रूसबरीच्या लढाईत इंग्लंडचा सोळा वर्षांचा युवराज हेन्री, म्हणजे पुढचा पाचवा हेन्री, याच्या चेहऱ्यात बाण घुसला. बाणाची काडी निघाली, पण लोखंडी फाळ सुमारे सहा इंच आत कवटीच्या मागच्या हाडात रुतून राहिला. जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याने काय केले, ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. मधात भिजवलेल्या कापडात गुंडाळलेल्या शलाका एकापेक्षा एक जाड अशा घालत त्याने जखमेचे तोंड हळूहळू रुंद केले. मग मध्ये स्क्रू असलेला एक चिमटा मुद्दाम घडवून तो फाळाच्या पोकळ बुडात बसवला, स्क्रू फिरवून पक्का केला आणि मागेपुढे हलवत फाळ बाहेर काढला. त्यानंतर जखम वाइनने धुऊन पुढचे वीस दिवस रोज तिची निगा राखली. आपल्या डावात याच बाणाचे काय होते? आठ हिट पॉइंट जातात, खेळाडू औषधाची कुपी पितो आणि पुढचे दार उघडतो.

ही गोष्ट वाचल्यानंतरच्या माझ्या एका डावात सरदाराच्या मुलाला असाच बाण लागला. तो उपटून काढायचा नाही, एवढे एकच बंधन मी घातले. पुढचे दोन पूर्ण डाव खेळाडू तो चिमटा घडवू शकणारा लोहार शोधत हिंडले. त्यात लढाई एकदाही झाली नाही, तरी एवढे ताणलेले डाव मी फार थोडे पाहिले आहेत.

शस्त्रे आणि चिलखते यांविषयीच्या गैरसमजांवर फार वेळ घालवत नाही, कारण तुला ते ठाऊक आहेत. एका हाताची तलवार साधारण सव्वा किलोची असते आणि पंधराव्या शतकातले अंगभर पोलादी चिलखत वीस ते पंचवीस किलोचे. ते वजन सगळ्या शरीरावर विभागले जात असल्याने ते घालून माणूस धावतो आणि कोणाच्या मदतीशिवाय घोड्यावर चढतो. खेळात खरा फरक पडतो तो पुढच्या गोष्टीने: त्या चिलखतावर तलवारीची धार चालतच नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फिओरे दे लिबेरी या इटालियन शस्त्रगुरूच्या हस्तलिखितात चिलखतधारी माणसे एक हात मुठीवर आणि दुसरा चक्क पात्यावर ठेवून तलवारीचे टोक भाल्यासारखे काखेत किंवा शिरस्त्राणाच्या फटीत खुपसताना दिसतात. जर्मन हस्तलिखितांत तर तलवार उलटी धरून मुठीकडच्या बाजूने डोक्यात हाणलेली दिसते. उरलेले काम म्हणजे कुस्ती. समोरच्याला खाली पाडायचे, त्याच्यावर बसायचे आणि कट्यारीला फट शोधायची. २५ ऑक्टोबर १४१५ रोजी आजँकूरच्या चिखलात फ्रेंच सरदारांना जो माणूस भारी पडला, तो बहुधा तलवारबाज नव्हताच. हाताला येईल ते हत्यार घेऊन पडलेल्यावर तुटून पडणारा तो हलक्या वेषातला इंग्रजांकडचा धनुर्धर होता. यासाठी मी एकच नियम ठेवला आहे: अंगभर चिलखत असलेल्याला आधी पाडावे किंवा पकडावे लागते, त्याशिवाय त्याला जखम होत नाही. वाराचा निकाल देणारा वीस बाजूंचा फासा तोच राहतो, पण खेळाडू “मी वार करतो” म्हणायचे सोडून “मी त्याच्या गुडघ्यामागे पाय घालतो” म्हणू लागतात.

आता मुख्य मुद्दा. आजच्या स्वीडनमधल्या गॉटलंड बेटावर व्हिस्बीजवळ १३६१ साली झालेल्या लढाईतल्या मृतांच्या सामूहिक कबरी उकरल्या गेल्या, तेव्हा कितीतरी सांगाड्यांच्या नडग्यांवर घाव आढळले. ढालीखाली उघडा राहणारा पाय शत्रूला आधी दिसतो. इंग्लंडमध्ये टाउटन इथे १४६१ साली झालेल्या लढाईची एक कबर १९९६ मध्ये सापडली, त्यात मात्र घाव मुख्यतः डोक्यावर आहेत, एकेका कवटीवर अनेक. शिरस्त्राण घालून, समोरासमोर उभे राहून लढणाऱ्या माणसाच्या डोक्यावर असे घाव साठत नाहीत. ही माणसे फळी फुटल्यावर, पळताना किंवा पकडली गेल्यावर मारली गेली असावीत. जुन्या लढायांतली बरीचशी कत्तल पाठ फिरल्यानंतरची आहे. माणसाला मरायचे नसते, म्हणून तो पळतो, शस्त्र टाकतो, तडजोड करतो. आपल्या डावातले दरोडेखोर मात्र सहापैकी पाच पडले तरी सहावा शेवटच्या हिट पॉइंटपर्यंत लढतो. मला विचारशील तर कल्पनेच्या खेळातली सर्वांत अवास्तव गोष्ट ड्रॅगन नसून हा सहावा दरोडेखोर आहे.

गंमत म्हणजे याचा उपाय खेळात पूर्वीपासून होता. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८१ च्या बेसिक संचात प्रत्येक शत्रूला धैर्याचा २ ते १२ असा एक आकडा होता. पहिला गडी पडला, किंवा निम्मे पडले, की दोन फासे टाकायचे आणि बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली की शत्रू माघार घेई किंवा शरण येई. पुढे हा नियम मागे पडला. मी तो परत आणला, आणि त्याच्या जोडीला खंडणी आणली. १३५६ साली प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा दुसरा जॉन पकडला गेला आणि त्याच्या सुटकेसाठी तीस लाख एक्यू, म्हणजे सोन्याची नाणी, ठरली. जिवंत सरदार हा मेलेल्यापेक्षा कितीतरी किमती असतो, हे एकदा खेळाडूंच्या लक्षात आले की शेवटचा वार करण्यापूर्वी ते आपण होऊन थांबतात.

मागच्या महिन्यातला एक प्रसंग सांगतो. पुलावर तीन पहारेकरी होते. पहिल्याच झटापटीत एक पडला, दुसऱ्याने नदीत उडी टाकली. तिसऱ्यासाठी फासे टाकले, तर तो टिकला. मी एवढेच वर्णन केले की भाला धरलेले त्याचे हात थरथरत आहेत, टोक कधी ढालीवर तर कधी हवेत जाते आहे, पण तो वाट सोडत नाही. चिलखतातला खेळाडू, जो एरवी कोणाचे ऐकून घेत नाही, त्याने हातातला फासा टेबलावर ठेवला आणि विचारले, “हा पळत का नाही?” पुलापलीकडे त्याचे घर होते. त्या रात्री पुढचा तासभर फक्त बोलणे झाले.

हिट पॉइंट मात्र मी काढून टाकलेले नाहीत. पहिल्याच भाल्याला तुझ्या मित्राचे सहा महिने जपलेले पात्र मेले, तर ते ऐतिहासिक असेल, पण दुसऱ्या डावाला तो येणार नाही. गायगॅक्सनेही १९७९ मध्ये लिहिले आहे की हिट पॉइंट म्हणजे केवळ शरीराची सहनशक्ती नव्हे, त्यात कौशल्य आणि नशीब यांचाही मोठा वाटा असतो. म्हणून मी त्यांना ‘दम’ म्हणतो. दम आहे तोवर वार निसटतात, ढालीवर बसतात, माणूस धापा टाकत मागे सरतो. दम संपल्यावर बसणारा पहिला घाव मात्र खरा असतो, आणि मग ब्रॅडमोरची गरज लागते. तुझ्या कोष्टकातले जे बारावे पान ठेव म्हणतो आहे, ते याच जागी उपयोगी पडेल. चिघळलेली जखम आणि तापाचे दिवस तू त्यात छान मांडले आहेस. फक्त तापाचा फासा रोज टाकू नकोस, तीन दिवसांनी एकदा पुरे.

पहिल्या डावाला मला बोलाव. मी साध्या भालाईताचे पात्र घेऊन येईन, आणि आत्ताच सांगून ठेवतो की दोन सोबती पडले की तो पळणार आहे.

तुझा,
जुना सूत्रधार