पहिल्या बर्फावर जाण्याआधी

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

पहिला बर्फ पडला आणि तू लगेच स्की काढलेस, हे आईकडून कळलं. "अजून गुडघाभरही नाही, त्यात काय होणार?" असं म्हणालीस म्हणे. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसलो.

बर्फ कमी म्हणजे हिमस्खलनाचा धोका कमी, हा हिशोब डोंगरात चुकतो. जमिनीत उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, त्यामुळे बर्फाचा तळ शून्य अंशाच्या आसपास राहतो. निरभ्र रात्री वरचा पापुद्रा मात्र खूप खाली गोठतो. थर दोन मीटरचा असता तर हा फरक त्यात पसरून गेला असता. थर वीतभर असला की खालची वाफ जोराने वर चढते आणि तळाचे कण एकमेकांना धरेनासे होतात. दर 10 सेंटीमीटरला एका अंशाहून जास्त फरक असला की हे सुरू होतं. तळापर्यंत खणून मूठभर बर्फ हातात घे. त्याचा गोळा होत नाही, जाड साखरेसारखा तो बोटांमधून सांडतो. मग वादळ येतं आणि या साखरेवर नव्या बर्फाची जड, सलग लादी बसते. साखर तिला धरून ठेवत नाही, म्हणून ती उतारावरून सुटून घसरते. उन्हाच्या बाजूचा जुना बर्फ तोवर वितळून गेलेला असतो. म्हणजे तुला स्की करायला जिथे पुरेसा बर्फ दिसेल, त्या सावलीतल्या उंच उतारांवरच खाली ही साखर दडलेली असते.

तू जन्मायच्या आधी आम्ही तिघं असेच हंगामाच्या सुरुवातीला निघालो होतो. उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ सपाटीवर, पायाखाली 'व्हुम्प' असा आवाज झाला. वरच्या मजल्यावर धान्याचं पोतं टाकावं तसा. मी बोटभर खाली बसलो आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक भेग सरसर पुढे गेली. आमच्यातला एक म्हणाला, "बसला बर्फ, आता चिंता नाही." आम्ही ते मानलं. ही चूक माझीही होती. तो आवाज म्हणजे तळाचा थर कोसळल्याची खूण असते, ऐकल्याक्षणी मागे फिरायचं असतं. आम्ही पुढे गेलो. दुसऱ्यांदा आवाज झाला तेव्हा शेजारच्या उतारावरची लादी सुटली, आम्ही त्या उतारावर पाऊलही ठेवलं नव्हतं. लादी गेली त्या जागी काळे दगड आणि तुटके बुंधे उघडे पडले होते. पातळ बर्फात माणूस गाडला जाण्याआधी त्यांच्यावर आपटतो, हे मला तिथे उभं राहून समजलं.

20 मीटर लांब, तितकीच रुंद आणि फक्त 30 सेंटीमीटर जाडीची लादी सहज वीसेक टनांची भरते. म्हणून म्हणतो, गुडघ्यावरून मोजू नकोस.

उताराचा कोन मोज, डोळ्यांवर विसंबू नकोस. लाद्या बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. सध्या 30 च्या आतच राहा, आणि डोक्यावर त्याहून तीव्र उतार नाही ना, तेही बघ. वाऱ्याने आणून टाकलेला बर्फ कड्याच्या आडोशाला गादीसारखा फुगलेला दिसतो, तो टाळ. धोकादायक पट्टा ओलांडताना एकेकानेच जायचं, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. हंगामाच्या सुरुवातीला हिमस्खलनाचं इशारापत्रक अनेक ठिकाणी सुरूही झालेलं नसतं. मिळालं तर पाचपैकी तिसऱ्या पातळीला 'मधली' समजू नकोस, त्या पातळीच्या दिवसांतही पुष्कळ माणसं गेली आहेत.

ट्रान्सीव्हर (गाडलेला माणूस शोधायचं अंगावरचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून चाचपायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडलेल्यांना पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलं तर दहांतले नऊ वाचतात, अर्ध्या तासाने जेमतेम तीन. बाहेरची मदत तेवढ्यात पोहोचत नाही, सोबतचेच काय ते हात. मोबाईल ट्रान्सीव्हरपासून निदान 20 सेंटीमीटर लांब ठेव, शोधताना 50.

तुझा ट्रान्सीव्हर गेल्या हंगामापासून पिशवीतच आहे. जुन्या बॅटऱ्या काढून टाक, नव्या घाल. आणि निघण्याआधी मला एक संध्याकाळ दे. मी माझा ट्रान्सीव्हर पाचोळ्यात पुरून ठेवतो, तू शोधून काढ, मी घड्याळ लावतो. तुझ्या मैत्रिणींनाही आण. गाडली गेलीस तर तुला शोधणाऱ्या त्याच असतील.

तुझा,
बाबा