क्रोशे संचाच्या माहितीपुस्तिकेत ब्रिटिश व अमेरिकन टाक्यांची नावे एकत्र छापल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

आमच्या महिला बचत गटाने आपल्या कंपनीचा चौकोनी टेबलक्लॉथचा क्रोशे संच मागवला होता. त्यात सुती दोऱ्याच्या गुंड्या, एक सुई आणि मराठी माहितीपुस्तिका होती. गावातल्या एका मुलीच्या रुखवतात मांडण्यासाठी हा टेबलक्लॉथ विणून देण्याचे काम गटाने घेतले होते. दोऱ्याच्या दर्जाबद्दल आमची काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुस्तिकेबद्दल, आणि ही तक्रार कळवल्यावर आपल्या प्रतिनिधीने दूरध्वनीवर दिलेल्या उत्तराबद्दल.

पुस्तिकेत मधल्या चौकोनासाठी "तीन साखळ्या घ्या, हा पहिला डबल क्रोशे समजा" असे लिहिले आहे. तीन साखळ्यांच्या उंचीचा टाका म्हणजे आमच्याकडच्या बायका ज्याला खांब म्हणतात तो. अमेरिकेत त्याला डबल क्रोशे आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल म्हणतात, त्यामुळे ही सूचना अमेरिकन पद्धतीची आहे, हे स्पष्ट होते. पुढे किनारीसाठी मात्र "एक साखळी घेऊन प्रत्येक टाक्यात डबल क्रोशे करा, कोपऱ्यात तीन टाके घाला" असे छापले आहे. एका साखळीच्या उंचीचा टाका म्हणजे मुका खांब. त्याला डबल क्रोशे म्हणतात ते ब्रिटिश पद्धतीत. अमेरिकन पद्धतीत तो सिंगल क्रोशे होतो. म्हणजे एकाच पुस्तिकेत, एकाच नावाने, दोन वेगळे टाके सांगितलेले आहेत, आणि कोणत्या पानावर कोणती पद्धत धरली आहे याचा उल्लेख संपूर्ण पुस्तिकेत कोठेही नाही.

मधल्या भागात ज्या टाक्याला डबल क्रोशे म्हटले आहे, तोच टाका किनारीलाही घालणे हे कोणत्याही विणणारीच्या दृष्टीने साहजिक आहे. आमच्या बायकांनी तेच केले. मुक्या खांबांच्या किनारीला कोपऱ्यात तीन टाके पुरतात, पण उंच खांबांना तेवढे पुरत नाहीत. त्यामुळे चारही कोपरे वाटीसारखे वर वळले आणि टेबलावर बसेनात. शिवाय प्रत्येक ओळीला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त दोरा लागल्यामुळे शेवटची बाजू पूर्ण होण्याआधीच तो संपला. पुस्तिकेवरच्या छायाचित्राशी विणकाम ताडून पाहिल्यावर घट्ट, बारीक किनार मुक्या खांबांची असल्याचे लक्षात आले. छायाचित्र बरोबर आहे. चूक मजकुरात आहे.

आपल्या प्रतिनिधीने यावर "हात सैल असल्यामुळे दोरा जास्त गेला" असे उत्तर दिले. हात सैल असल्याने दोऱ्यात थोडाफार फरक पडतो, हे आम्हाला मान्य आहे, परंतु एका साखळीच्या उंचीचा टाका तीन साखळ्यांएवढा होण्याचे कारण हाताची ठेवण असू शकत नाही. कापसाची वेचणी आटोपून संध्याकाळी अंगणात बसणाऱ्या आमच्या गटातील बायका वर्षानुवर्षे रुखवतासाठी रुमाल आणि तोरणे विणत आल्या आहेत. त्यांच्या हाताला दोष देऊन तक्रार निकाली काढणे आम्हाला अत्यंत अन्यायाचे वाटते.

हा फरक मुळात अवघड नाही, पण तो सांगावा लागतो. ब्रिटिश नावे टाक्यातून दोरा काढून घेतल्यावर सुईवर असणाऱ्या वेढ्यांशी जुळतात: डबल क्रोशेत दोन, ट्रेबलमध्ये तीन. अमेरिकन नावे टाक्यातून दोरा काढून घेतल्यावर तो वेढ्यांतून किती वेळा ओढायचा याच्याशी जुळतात: सिंगलमध्ये एकदा, डबलमध्ये दोनदा, ट्रेबलमध्ये तीनदा. म्हणून अमेरिकन नाव ब्रिटिश नावापेक्षा एक पायरी खाली असते, आणि ट्रेबल हा शब्दही दोन्हीकडे वेगळ्या टाक्यासाठी वापरला जातो. सिंगल क्रोशे हे नाव आढळले तर नमुना बहुधा अमेरिकन असतो, पण जुन्या ब्रिटिश नमुन्यांत तेच नाव घसरटाक्यासाठी, म्हणजे स्लिप स्टिचसाठी, वापरलेले आढळते. साखळी तेवढी दोन्हीकडे साखळीच राहते. आपल्या देशात ही कला मिशनऱ्यांकडून रुजली. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या क्रोशे लेसची परंपराही त्यांनीच सुरू केली. त्यामुळे घरोघरी शिकलेल्या बायकांच्या तोंडी ब्रिटिश नावे आहेत, तर हल्ली मोबाइलवर पाहून शिकणाऱ्या मुली अमेरिकन नावे बोलतात. एकाच गटात दोन्ही असतात, आणि अशा वाचकांसाठी तर पुस्तिका अधिक काटेकोर असायला हवी.

सुईच्या क्रमांकाबाबतही हीच अडचण आहे. पुस्तिकेत किनारीसाठी "८ नंबरची सुई" वापरण्यास सांगितले आहे. जुन्या ब्रिटिश क्रमांकानुसार ८ म्हणजे ४ मिलिमीटर, तर अमेरिकन एच-८ म्हणजे ५ मिलिमीटर. आर्वीच्या दुकानदाराने ४ मिलिमीटरची सुई दिली, आणि आपल्याला कोणती अपेक्षित होती, हे आम्हाला अद्याप कळलेले नाही. मापे मिलिमीटरमध्ये छापली असती, तर हा प्रश्नच उद्भवला नसता.

आमची मागणी अशी आहे की, आपण आम्हाला त्याच रंगाचा आणि शक्यतो त्याच डाय लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या खेपेतला, पुरेसा दोरा विनामूल्य पाठवावा, किंवा संचाची पूर्ण रक्कम परत करावी. लग्नाची तारीख जवळ आलेली असल्याने दोरा त्वरेने पाठवावा, आणि आमच्या गावापर्यंत कुरिअर येत नसल्यामुळे तो टपालाने आर्वीच्या कार्यालयात पाठवल्यास सोयीचे होईल. याशिवाय पुस्तिकेच्या पहिल्या पानावर कोणती पद्धत धरली आहे ते मराठीत नमूद करावे, प्रत्येक टाक्यासमोर दोन्ही पद्धतींची नावे व खुणेचे चित्र द्यावे, आणि सुईची मापे मिलिमीटरमध्ये छापावीत. ज्यांनी हा संच आधीच घेतला आहे, त्यांनाही दुरुस्तीपत्रक पाठवावे, ही आमची विशेष विनंती आहे, कारण दोरा संपल्यावर स्वतःच्या हाताला दोष देत गप्प बसलेल्या बायका कितीतरी असतील.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवू, आणि आवश्यक वाटल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार वर्धा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. सोबत पुस्तिकेच्या दोन्ही पानांची छायाप्रत, वळलेल्या कोपऱ्याचे छायाचित्र आणि देयकाची प्रत जोडली आहे.

आपली विश्वासू,
सचिव, महिला बचत गट
ता. आर्वी, जि. वर्धा