वादळाच्या आदल्या दिवशी आलेल्या नाखवांना

नाखवा, नमस्कार.

निसर्ग चक्रीवादळ येणार हे आम्हाला सगळ्यांनी सांगितलं. टीव्हीने सांगितलं, भोंगा लावलेल्या गाडीने सांगितलं, पुण्याच्या चुलतदिरांनी नकाशा पाठवून सांगितलं. घरात नेमकं काय करायचं ते तुम्ही एकट्यांनी सांगितलंत, आणि नुसतं सांगून गेला नाहीत.

आता वीज आली आहे. फोनला रेंज येते-जाते. म्हणून लिहायला बसले. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही खिशात बिडी शोधायला लागता आणि विषय मासळीच्या भावावर नेता, त्यापेक्षा चारचौघांत लिहिलेलं बरं. नाव घालत नाही. श्रीवर्धन तालुक्यात नाखवा पुष्कळ आहेत, ज्याला कळायचं त्याला कळेल.

आधी राग काढून घेते, म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

२ जून २०२० ला सकाळी गाडी फिरली. "नागरिकांनी सतर्क राहावे. कच्च्या घरातील नागरिकांनी सुरक्षित स्थळी जावे." आमच्याकडे सुरक्षित स्थळ म्हणजे शाळा, आणि शाळेत मुंबईहून आलेले चाकरमानी विलगीकरणात ठेवलेले. सासूबाई ब्याऐंशीच्या, त्यात दमा. वाऱ्यातून वाचवून त्यांना कोरोनात नेऊन बसवायचं का, असं गाडीतल्या माणसाला विचारलं, तर त्याने काच वर केली. शेजारच्या स्लॅबच्या घरी विचारलं. त्यांनी फाटकातूनच हात जोडले, "दिवस कसे आहेत, वहिनी, समजून घ्या." घेतलं समजून. त्यांच्याही घरी म्हातारं माणूस आहे. पण त्यांचा वरचा मजला रिकामा आहे आणि जिना बाहेरून आहे, हेही मला समजतं.

राहिला आमचा ठेकेदार. पडवीवरचे पत्रे त्याने दिवाळीत बसवले, हूक अर्धेच लावले, "उरलेले पुढच्या आठवड्यात" म्हणाला आणि लॉकडाऊन लागेपर्यंत त्याचा पुढचा आठवडा काही उजाडला नाही. वादळाची बातमी आल्यावर फोन केला, तर म्हणतो, "ताई, कशाला घाबरता, ते गुजरातला वळेल."

आमचे हे ठाण्याला अडकलेले. घरात मी, सासूबाई आणि धाकटी मुलगी.

दुपारी तुम्ही आलात. दरवर्षी आगोटीच्या सुमाराला, पावसाळ्याच्या तोंडावर, तुम्ही सुकं घेऊन येता, बोंबील, सोडे, थोडा जवळा, आणि पडवीत बसून चहा घेता. यंदा ते राहूनच गेलं होतं. मला वाटलं, बाई, या गडबडीत हे मासळी विकायला कसे आले? तर तुमच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, मागे पुतण्या, आणि त्याच्या डोक्यावर जाळं. होडी सकाळीच वर ओढून शाकारली म्हणालात. "मालक नाहीत ना घरी, म्हणून आलो."

आम्ही तुमचे कोण? वर्षातून एकदा सुकं घेणारं गिऱ्हाईक, आणि भावात घासाघीस करणारं.

तुम्ही काही न बोलता घराला एक फेरी मारलीत. मग पुतण्याला म्हणालात, वारा आधी डोंगराकडनं येईल, मग फिरेल आणि दर्याकडनं येईल, तेव्हा दोन्ही अंगांनी बांधायचं. टीव्हीवर ते पांढरं चक्र दिवसभर गरागरा फिरवून दाखवत होते. पण ते फिरतं याचा अर्थ आमच्या घराला पहिली धडक पुढून आणि दुसरी मागून बसणार, हे त्या चक्राकडे बघून मला सात जन्मांत कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी तस्सं झालं.

कौलांवर जाळं पसरून त्याच्या कडांना चिरे बांधलेत. पत्र्यांवरून दोर आडवे-उभे काढून पडवीच्या खांबांच्या बुडाशी आवळलेत. मी म्हटलं, माडाला बांधा की, तर हसलात. "माड पडला तर पत्रा संगती घेऊन जाईल." पाण्याची टाकी गळ्यापर्यंत भरायला लावलीत, कारण रिकामी टाकी उडते. गाईचं दावं सोडायला सांगितलंत. रेशनकार्ड, सातबारा, पासबुकं डब्यात गेली. बाकीचं इथे लिहीत बसत नाही. ज्याला शिकायचंय त्याने कोळीवाड्यात जाऊन विचारावं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा तुमच्या ओळखीतल्या होड्या बाहेर होत्या, हे तुम्ही एकदा पडवीत सांगायला सुरुवात केली होतीत आणि अर्ध्यावर सोडून दिलं होतंत. वादळाच्या तयारीचं तुमचं शिक्षण कुठे झालं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पण गेले कित्येक दिवस रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मला दोर आठवत नाहीत, जाळं आठवत नाही. तुम्ही सासूबाईंना विचारलेलं आठवतं.

सासूबाई सकाळपासून माजघरात पाटावर बसून होत्या. ज्याला त्याला त्यांना उचलून कुठेतरी न्यायची घाई. शाळेत न्या. भाच्याकडे न्या. जीप बोलवा. फोनवर ह्यांचाही धोशा, "आईला आधी हलव." सगळे त्यांच्याबद्दल बोलत होते, त्यांच्यादेखत, आणि त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं. त्यांनी जेवण टाकलं होतं. दुपारपर्यंत तोंडातून शब्द नाही.

तुम्ही पाय धुऊन आत आलात, त्यांच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "आये, तुजे घराची खरी जुनी भिंत कंची?"

सासूबाईंनी तुमच्याकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, काठी दे. आणि निघाल्या की हो घरभर! प्रत्येक भिंतीवर काठी आपटत. "ही माझ्या लग्नानंतरची. ही विटांची, नुसती उभी आहे. ही ह्या बाईच्या नवऱ्याने घातली, हिला पाया नाही." ती बाई म्हणजे मी. मागची नवी खोली ती, तिला पाया नाही हे मला त्या दिवशी समजलं. शेवटी देवघर आणि बाळंतिणीची खोली यांच्यामधल्या भिंतीपाशी थांबल्या. जांभ्याची, दीड हात रुंद. त्यांच्या आजेसासऱ्यांनी बांधलेली. वर सागाची तुळई आहे, ती दोन्ही टोकांना भिंतीत आतपर्यंत गेली आहे, हेही त्यांनीच दाखवलं. तुम्ही तुळई न्याहाळलीत, भिंतीवर थाप मारलीत आणि माझ्याकडे, मुलीकडे बघून म्हणालात, "हितंच बसायचं. आये सांगल तवा उठायचं."

नाखवा, या एका वाक्याने तुम्ही आमच्या घरात काय केलंत ते तुम्हाला माहीत नसेल. सकाळपासून जी बाई सामानासारखी कुठे ठेवायची असा प्रश्न होता, ती संध्याकाळी घराची कारभारीण झाली होती. मेणबत्त्या कुठे, पाण्याचा हंडा कुठे, पोरीने कुठल्या कोपऱ्यात झोपायचं, सगळे हुकूम सुटायला लागले. मग १९४८ च्या वादळाची गोष्ट निघाली. तेव्हा त्या दहा वर्षांच्या, माहेरी मुरूडला. छप्पर गेलं आणि सगळी भावंडं भाताच्या कणगीला पाठ लावून बसली. लग्न होऊन मी या घरात आले त्याला एवढी वर्षं झाली, ही गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. विचारलीच नव्हती कुणी. गोष्ट संपल्यावर म्हणाल्या, "भात वाढ."

दुसऱ्या दिवसाचं थोडक्यात सांगते, सगळ्यांकडे तेच झालं. सकाळी वारा डोंगराकडून होता. माध्यान्हीला तो किती होता ते हवामान खात्याने नंतर सांगितलं, ताशी १०० ते ११० किलोमीटर, मध्येच १२०. मध्ये एकदा जरा ओसरल्यासारखं झालं. मुलगी गाय बघायला उठली. सासूबाईंनी मनगट धरून खाली बसवलं. "बस. अजून फिरायचाय तो." तो फिरला, समुद्राकडून आला, आणि परसातला माड मागच्या नव्या खोलीवर पडला. भिंत गेली, खाट गेली. तुम्ही आला नसतात तर आम्ही त्याच खोलीत बसणार होतो. नवी म्हणून.

पडवीचे दोन पत्रे गेले, दोर पुरला नव्हता त्या टोकाचे. कौलं फुटली, पण आढं जागेवर राहिलं. शाळेचं छप्पर मात्र उडालं. आणि आमचा ठेकेदार! नेटवर्क आल्यावर पहिला फोन त्याचा. पत्रे मिळवून देतो म्हणाला, भाव दुप्पट, आगाऊ पैसे. मी म्हटलं, गुजरातला वळा.

एक गोष्ट तुम्ही जाता जाता केली होतीत, ती मला तेव्हा अगदी उगाच वाटली होती. विहिरीवरची गंजलेली कप्पी उतरवून, तेल घालून, नवा दोर ओवून पुन्हा चढवलीत. पंप असताना कप्पी कशाला? मग महिनाभर वीज नव्हती. अर्धी आळी आमच्या विहिरीवर पाणी ओढत होती आणि त्या रांगेत स्लॅबवाल्या वहिनीही होत्या. मी काही बोलले नाही. जिभेवर आलं होतं.

या महिन्यात चांगली माणसं खूप भेटली, ते खोटं कशाला सांगू. आळीतली पोरं कोयते आणि करवती घेऊन रस्त्यावरचे माड तोडत होती, कुणी सांगितलं नसताना. महावितरणचे वायरमन दुसऱ्या जिल्ह्यांतून आले, पावसात खांबांवर चढले, मिळेल तिथे झोपले. एकाला मी चहा दिला तर म्हणाला, साखर राहू द्या, तुम्हालाच लागेल. अशी माणसं आपल्या अवतीभवतीच असतात आणि एरवी आपण त्यांच्याशी भावावरून भांडत असतो. फक्त एवढं म्हणते, की ती सगळी वादळानंतर आली, आणि त्यांचे उपकार मोठेच आहेत. तुम्ही आदल्या दिवशी आलात, जेव्हा तुमची स्वतःची होडी किनाऱ्यावर होती आणि तुमच्याही घरावर कौलंच आहेत.

वाडीचं विचारू नका. पोफळी मधोमध मोडल्या. श्रीवर्धनचा रोठा म्हणून जी सुपारी लोक नावाजतात, ती आता आमच्याकडे सहा-सात वर्षं तरी दिसायची नाही, रोप लावून फळ धरायला तेवढा काळ जातोच. मदत जाहीर झाली हेक्टरी ५० हजार. हेक्टर इथे कुणाकडे आहे? गुंठ्याला पाचशे पडतात. आमची वाडी अकरा गुंठ्यांची. पंचनामा करायला आलेला मुलगा बिचारा लाजून हिशेब सांगत होता.

त्याच मुलाला मी तुमच्या जाळ्याचं विचारलं. माड पडला तेव्हा अर्धं जाळं त्याच्याखाली सापडलं, उरलेलं कौलांच्या तुकड्यांनी फाटलं. तुम्ही येऊन गोळा करून घेऊन गेलात, "जुनंच व्हतं" म्हणालात. पुतण्याने माझ्या मुलीला खरं सांगितलं आहे, ते पावसाळ्यानंतर वापरायचं जाळं होतं, जुनं नव्हतंच. पंचनाम्याचा मुलगा म्हणाला, होडी-जाळ्यांची नोंद बंदरावर झाली, कौलांवरच्या जाळ्याची कुठे करू? त्याचंही बरोबर आहे. तसा रकाना नाही.

हे आता घरी आले आहेत. पैसे घेऊन जातो म्हणत होते. सासूबाईंनी सांगितलं, पैसे तो घेणार नाही, सूत ने. कुठल्या जाडीचं आणि किती वजनाचं ते तुमच्या पुतण्याकडून काढून घेतलं आहे, त्याला रागवू नका. दुकान उघडलं की ह्यांना सूत घेऊन तुमच्याकडे पाठवते. नको म्हणायचं असेल तर ते इथे येऊन आयेलाच सांगा.

आपली,
वाडीतली वहिनी